‘पुलिस ॲक्शन में गई’

माझं आजोळ लातूरच्या बाजूचं. आमच्या नानीच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग असायचे, ‘पुलिस ॲक्शन के पहले’ आणि ‘पुलिस ॲक्शन के बाद’. कुणाचं लग्न कधी झालं, विहीर कधी खोदली, म्हैस कधी विकली, सगळं याच हिशोबानं. तिच्या एका चुलतबहिणीचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, “वो पुलिस ॲक्शन में गई.” लहानपणी मला वाटायचं, गई म्हणजे वारली. पुढं उर्दू शिकवायला लागल्यावर लक्षात आलं की वारलेल्या माणसाबद्दल नानी नेहमी ‘गुज़र गई’ म्हणायची, ‘अल्लाह को प्यारी हुई’ म्हणायची. या एकाच बहिणीबद्दल नुसतं ‘गई’.

दरवर्षी 17 सप्टेंबर आला की मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. निजामाची राजवट गेली, कासिम रझवीचे रझाकार संपले, हे चांगलंच झालं. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावाचं नाव आजही लोक विसरलेले नाहीत. रझाकारांविरुद्ध लिहिणारा उर्दू पत्रकार शोएबुल्ला खान, ‘इमरोज’चा तरुण संपादक, त्याला 22 ऑगस्ट 1948 ला हैदराबादेत ठार मारलं गेलं. मुसलमान होता म्हणून रझाकारांनी त्याला सोडलं नाही. हे सगळं आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला लागलं की काही जण म्हणतात, तुम्ही रझाकारांची बाजू घेता. घेत नाही. पण 17 सप्टेंबरच्या नंतरच्या आठवड्यांत काय झालं, ते शाळेच्या पुस्तकात येत नाही.

भारतीय फौजा 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानात शिरल्या. पाच दिवसांत सगळं आटोपलं, 18 तारखेला निजामाच्या फौजेनं रीतसर शरणागती दिली. त्यानंतर गावोगावच्या मुसलमानांवर हल्ले सुरू झाले. दिल्लीपर्यंत तक्रारी गेल्या तेव्हा पंडित नेहरूंच्या सरकारनं एक छोटी समिती पाठवली. पंडित सुंदरलाल तिचे प्रमुख. हे गांधीवादी, ‘भारत में अंग्रेजी राज’ हे इंग्रजांनी जप्त केलेलं पुस्तक लिहिणारे. सोबत काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. काझीसाहेबांना उर्दूवाले ‘लैला के खुतूत’मुळे ओळखतात. एका तवायफेच्या पत्रांतून पुरुषांच्या शराफतीचं पितळ उघडं पाडणारं ते पुस्तक आहे. त्याच माणसाला पुढं उस्मानाबाद-बिदरच्या गावांत फिरून बायकांचं काय झालं याची नोंद करावी लागली.

ही समिती 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 संस्थानात फिरली. सोळापैकी नऊ जिल्ह्यांत ती गेली आणि जिथं जाता आलं नाही अशा शंभराहून जास्त गावांतल्या लोकांना भेटली. तिचा अंदाज असा की संपूर्ण संस्थानात कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तेवढ्यातच 18 हजारांपेक्षा कमी नाहीत, असं समिती म्हणते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तिथं वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार सापडले. बाकीच्यांपैकी हजाराहून जास्त मारले गेले आणि उरलेले पळून गेले, असं समिती म्हणते.

माझ्या विषयाशी ज्याचा संबंध आहे ते अहवालात एका वाक्यात येतं. लूट, जाळपोळ, मशिदींची विटंबना, सक्तीचं धर्मांतर, घरं-जमिनी बळकावणं या यादीत बलात्कार आहे, आणि बायका पळवून नेणंही आहे. कुठं नेलं, तर संस्थानाबाहेर, सोलापूर आणि नागपूरसारख्या शहरांतसुद्धा. नानीच्या ‘गई’चा अर्थ मला त्या वाक्यापाशी लागला. लागला असं वाटतं तरी.

सैन्यातली आणि पोलिसांतली काही माणसं लुटीत आणि इतर गुन्ह्यांतही सामील होती, याचा पुरावा आपल्याकडं आहे असं समितीनं स्पष्ट लिहिलं. आणि त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं आणि त्यात स्वतः जीव गमावले. पळवलेल्या मुसलमान बायकांना परत मिळवायला पुष्कळ हिंदूंनी मदत केली. आमच्या नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे, मागाचा खटखट आवाज काय असतो ते आम्हाला माहीत आहे. धंद्याचं नातं धर्मापेक्षा घट्ट निघालं, ही गोष्ट मी मुलांना सांगते. अहवाल मात्र सरकारनं छापला नाही. सरदार पटेलांना तो एकतर्फी वाटला. तो बासनात राहिला आणि संशोधकांमार्फत, विशेषतः ए. जी. नूरानी यांच्या लिखाणातून, पन्नासेक वर्षांनी लोकांपुढं आला.

आता तारखा पाहा. 16 सप्टेंबर 1948 ला हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं पॅरिसमध्ये चालला होता. समिती मराठवाड्यात हिंडत असताना, 9 डिसेंबरला, त्याच पॅरिसमध्ये वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा. तिकडं टोकियोत जपानी सेनानींवर चाललेल्या खटल्याचा निकाल 12 नोव्हेंबरला वाचून संपला. नानकिंग शहर जपान्यांनी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात सुमारे वीस हजार बलात्कार झाले, असं त्या निकालात म्हटलं आहे. जनरल इवाने मात्सुई यांनी आपल्या शिपायांना रोखलं नाही, एवढ्या कारणावरून त्यांना फाशी झाली. फाशीचा दिवस 23 डिसेंबर 1948. म्हणजे सुंदरलाल समितीचा दौरा संपल्यानंतर दोनच दिवसांनी.

हाताखालच्या माणसांचे गुन्हे माहीत असून न रोखणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो, हे तत्त्व त्या वर्षी जगापुढं होतं. टोकियोच्या न्यायाधीशांत बंगालचे राधाबिनोद पाल होते. त्यांनी सगळ्याच आरोपींना सोडावं असं वेगळं मत दिलं, पण नानकिंगमध्ये अत्याचार झाले हे त्यांनीही नाकारलं नाही. अर्थात टोकियोचं कोर्टही अर्धंच होतं. जपानी लष्करानं ज्या कोरियन, चिनी, फिलिपिनो बायकांना छावण्यांत कोंडून ठेवलं, त्यांच्यासाठी तिथं वेगळा आरोप नव्हता. न्यूरेंबर्गच्या सनदेत तर बलात्कार हा शब्दच नाही.

मराठवाड्याला यातलं काहीही लागू झालं नाही. त्याचं एक कारण नावातच आहे. फौज, रणगाडे, विमानं असताना त्या मोहिमेला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं गेलं. युद्ध म्हटलं की युद्धाचे नियम आले, बाहेरचे पंच आले. पोलीस कारवाई म्हटली की ती घरची गोष्ट. नाव ठेवण्यात सरकारला त्या वेळी राजकीय सोय होती आणि मला ती समजते. पण त्या नावाखाली बायकांची फिर्याद घेणारं दारच राहिलं नाही.

फाळणीत पळवलेल्या बायकांसाठी 1949 मध्ये आपल्या संसदेनं खास कायदा केला. 1 मार्च 1947 नंतर आणि 1 जानेवारी 1949 च्या आधी कुटुंबापासून तुटलेली, परक्या घरात सापडलेली कुठल्याही वयाची मुसलमान स्त्री त्यात ‘अपहृत’ धरली जायची. तारखेनं पाहिलं तर नानीची बहीण त्यात बसते. पण कायदा लागू होता संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पेप्सू आणि राजस्थानात. हैदराबाद, सोलापूर, नागपूर त्यात नव्हतं. तो कायदा काही फार भला होता असंही नाही. बाईला परत जायचं आहे की नाही, हे विचारण्याची त्यात तरतूद नव्हती, आणि पुष्कळजणींना पोटच्या मुलांपासून ओढून नेलं गेलं. तरी शोधणारी यंत्रणा होती. दख्खनमध्ये तीही नव्हती.

कायदा बदलायला पुढं पन्नास वर्षं लागली. रवांडात 1994 मध्ये तुत्सींची कत्तल झाली. तिथल्या ताबा या गावाचा नगरप्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू. आधी हा शिक्षक होता, शाळा तपासनीसही होता. (हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं होतं.) त्याच्यावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हता. साक्षीत एका आईनं सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते सांगितलं, कुणी तिला ते विचारलंही नव्हतं. त्या खंडपीठावर एकच स्त्री न्यायाधीश होत्या, नवनीतम पिल्ले, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ कुटुंबातल्या. न्यायाधीशांनी प्रश्न विचारले, दुसरी साक्ष आली, आणि 1997 मध्ये आरोपपत्र बदललं. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालात कोर्टानं म्हटलं की एखादा समाज नष्ट करण्याच्या हेतूनं केलेला बलात्कार हाही वंशसंहारच. करारात बलात्कार हा शब्द नव्हता, पण शरीराला आणि मनाला गंभीर इजा करणं हे होतं. ते कलम 9 डिसेंबर 1948 पासून तिथं होतं, त्याचा हा अर्थ कुणी लावला नव्हता. अकायेसूनं स्वतः हात लावला असा आरोप नव्हता. त्याच्या कचेरीच्या आवारात हे चाललं होतं आणि तो पाहत होता, उत्तेजन देत होता. त्याला जन्मठेप झाली.

2001 मध्ये हेग इथल्या कोर्टानं फोचा या बोस्नियन गावाच्या खटल्यात निकाल दिला. तिथं मुसलमान बायका-मुलींना शाळेत आणि क्रीडागृहात कोंडून महिनोन्महिने अत्याचार केले गेले. कोर्टानं बलात्कार आणि गुलामी हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले. या निकालांत ‘इज्जत’ मागं पडते. 1949 च्या जिनिव्हा करारातसुद्धा बलात्काराला बाईच्या अब्रूवरचा हल्ला म्हटलं होतं. आपल्या दोन्ही भाषा तेच बोलतात. मराठीत अब्रू लुटली जाते, उर्दूत इज्जत जाते. लुटलं कुणी ते राहून जातं, आणि जिची गेली तिलाच घराबाहेर राहावं लागतं. नानीचं ‘गई’ त्यातलंच आहे.

इथं आपल्या वाचकांना न आवडणारी एक गोष्ट. 1971 मध्ये पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी फौजेनं बंगाली बायकांवर जे केलं, ते करणारे मुसलमान होते आणि पीडितांत बहुसंख्य मुसलमानच होत्या. बांगलादेशानं 1973 मध्ये कायदा करून बलात्काराला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात घातलं, हेगच्या कितीतरी आधी. पण ज्या 195 पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटला चालवायचा होता, ते 1974 च्या दिल्ली करारानंतर परत गेले. आमच्याकडच्या ज्या बैठकांत बोस्नियाबद्दल अश्रू येतात, तिथं ढाक्याचं नाव निघत नाही. मग मराठवाड्याबद्दल दुसऱ्यांनी का बोलावं?

भारतानं वंशसंहाराच्या करारावर 1959 मध्ये शिक्कामोर्तब केलं, पण त्यासाठी देशात वेगळा कायदा केला नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे आपण सदस्य नाही. 1984 च्या शीखविरोधी हिंसाचारात सज्जन कुमारला दोषी ठरवताना, 17 डिसेंबर 2018 ला, दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. मुरलीधर आणि न्या. विनोद गोयल यांनी हीच त्रुटी दाखवली: मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत. 2024 पासून नवीन न्याय संहिता आली, तिच्यातही ते नाहीत. म्हणून प्रत्येक बाईला एकटीनं लढावं लागतं, जणू तिच्यावरचा गुन्हा सुटा होता. बिल्किस बानोंचा खटला सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये गुजरातमधून मुंबईला आणला. 2008 मध्ये शिक्षा झाली. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी पुरावे दडपणारे पोलीस आणि डॉक्टरही दोषी धरले. 2022 मध्ये अकरा जण माफी मिळून बाहेर आले आणि 8 जानेवारी 2024 ला ती माफी रद्द झाली, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि माफीचा अधिकार गुजरातचा नव्हताच. 2002 ते 2024.

सप्टेंबरमध्ये मी मामूंना फोन केला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. विचारलं, नानीच्या त्या बहिणीचं पुढं काय झालं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सोलापूर में किसी ने देखा था बोले. बच्चे थे उसके. अब्बा गए थे, मिले नहीं, बाहर से लौट आए.” नाव विचारलं तर त्यांनी सांगितलं. गाव, वय, बापाचं नाव, कुणी पाहिलं, कोणत्या साली, सगळं मी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या सुट्टीत लातूरला जाऊन त्यांच्याकडून आणखी दोन घरांची माहिती घ्यायची आहे.