एचआयव्हीची गोळी फुकट मिळते, पण तिचे पैसे कोण भरतं?

खर्डा (ता. जामखेड) : दसरा झाला की खर्डा परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता, पीठ-मीठ, पत्र्याची पेटी, लेकरंबाळं असं सगळं ट्रॅक्टरवर चढतं. एखाद्याच्या पिशवीत तळाला गोळ्यांची बाटलीही असते, कुणाला न सांगितलेली. रोज एक गोळी, तीही न चुकता घ्यायची. एचआयव्ही असलेल्या माणसाला ती सरकारी एआरटी केंद्रातून मोफत मिळते. घेणाऱ्याला फुकट असली तरी तिचे पैसे कुणीतरी मोजलेलेच असतात.

2001 च्या सुरुवातीपर्यंत हे औषध श्रीमंतांचंच होतं. परदेशी कंपन्यांच्या तीन औषधांच्या उपचाराला एका रुग्णामागे वर्षाला 10 ते 15 हजार डॉलर लागत. तेव्हाच्या भावाने हे साडेचार ते सात लाख रुपये झाले. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तेच औषध वर्षाला 350 डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि जगभर खळबळ उडाली. किंमत उतरल्यावर दाते पुढे आले, कारण आता त्यांच्या पैशात माणसं खरोखर वाचणार होती. हा क्रम सहसा कुणी सांगत नाही. आधी औषध स्वस्त झालं, मग देणग्यांचा ओघ वाढला.

जगाची वर्गणी

एप्रिल 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी नायजेरियातील अबुजा इथे एड्सविरोधी लढ्यासाठी वर्षाला 7 ते 10 अब्ज डॉलर उभे करण्याची हाक दिली. त्यातून जानेवारी 2002 मध्ये एड्स, क्षयरोग आणि हिवताप या तीन आजारांसाठी ‘ग्लोबल फंड’ सुरू झाला. त्याचं काम बरंचसं गावच्या यात्रेच्या पट्टीसारखं चालतं. साधारण दर तीन वर्षांनी देणगीदार देश एकत्र बसतात आणि कोण किती देणार ते जाहीर करतात. थोरल्या घराने किती लिहिले यावर बाकीच्यांचा आकडा ठरतो, ही गोष्टही तशीच. इथे थोरलं घर अमेरिका. पण तिच्याच कायद्याने तिचा वाटा एकूण रकमेच्या 33 टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणजे अमेरिकेच्या एका डॉलरमागे इतरांनी मिळून दोन डॉलर घालायचे.

पैसा गोळा करायच्या इतर युक्त्याही निघाल्या. 2006 मध्ये फ्रान्ससह पाच देशांनी ‘युनिटेड’ ही संस्था उभी केली. फ्रान्सने विमानाच्या तिकिटावर छोटा कर लावून तो पैसा औषधांकडे वळवला. त्याच वर्षी ‘रेड’ नावाखाली मोबाइल, कपडे अशा वस्तू विकून नफ्यातला वाटा ग्लोबल फंडाला देण्याची पद्धत सुरू झाली.

भारत घेणाराही, देणाराही

आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, 1992 मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेने 8 कोटी 40 लाख डॉलर दिले. ते दान नव्हतं, सवलतीचं कर्ज होतं. ‘परदेशातून पैसा आला’ म्हणताना हा फरक विसरू नये. 2003 मध्ये गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत आला. महामार्गांवरच्या ट्रकचालकांपर्यंतही तो पोहोचला आणि पुढे टप्प्याटप्प्याने सरकारच्या ताब्यात गेला. 1 एप्रिल 2004 पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली. त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. नंतर केंद्रं वाढवण्यात ग्लोबल फंडाच्या पैशाचा मोठा हात होता.

आता चित्र पालटलं आहे. 2021 ते 2026 या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने 15,471.94 कोटी रुपये ठरवले आणि हा कार्यक्रम पूर्णपणे केंद्राच्या खर्चाचा आहे. 2019 मध्ये भारताने ग्लोबल फंडाला उलट 2 कोटी 20 लाख डॉलर देऊ केले. काडेपेटी-साबणापासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत कर भरणारा खर्ड्याचा माणूसही त्या गोळीचा देणगीदारच ठरतो.

ही गोष्ट 2025 मध्ये कामाला आली. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. तिच्या ‘पेपफार’ कार्यक्रमाचा आधार जगात दोन कोटींहून अधिक रुग्णांच्या उपचारांना होता. आफ्रिकेत दवाखाने बंद पडले, कर्मचारी घरी बसले. नोव्हेंबर 2025 मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत ग्लोबल फंडाने 18 अब्ज डॉलरचं लक्ष्य ठेवलं होतं, कबूल झाले 11.34 अब्ज. आधीच्या 2022 च्या बैठकीत हा आकडा 15.7 अब्ज होता. भारताला त्या मानाने झळ कमी लागली, कारण गोळीचा खर्च आपल्याच तिजोरीतून होतो.

गोळीपलीकडचा खर्च

पण सरकार गोळी देतं, एसटीचं तिकीट आणि बुडालेला रोज प्रत्येकाला मिळतोच असं नाही. आई-बाप गेलेल्या लेकरांना कोण सांभाळणार, हा प्रश्न तर वेगळाच. इथे अजूनही लोकांच्या देणग्यांवर काम चालतं. अहिल्यानगरचं गिरीश कुलकर्णी यांनी 1989 मध्ये सुरू केलेलं स्नेहालय, पंढरपूरची मंगलताई शहा यांची पालवी, लातूरजवळच्या हासेगावचं रवी बापटले यांचं सेवालय, बीडजवळचं दत्ता बारगजे यांचं इन्फंट इंडिया, ही सगळी घरं धान्य, कपडे, वाढदिवसाच्या जेवणावळी आणि छोट्या रकमांवर उभी राहिली. बाहेरून आलेली मदत जामखेडलाही नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये इथे सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पालाही देश-विदेशातल्या दात्यांचा हातभार लागला. घराघरापर्यंत तो पोहोचवला मात्र गावच्याच बायकांनी.

अशा नावाखाली कुणी पावतीपुस्तक घेऊन दारात आलं तर संस्थेची नोंदणी विचारावी. आयकरात सवलत हवी असेल तर 80जी आहे का ते बघावं. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. ‘अमेरिकेतून येणारे, तुमच्या खात्यावर घेतो’ असं कुणी म्हटलं की तिथेच थांबावं.

सर्वात महत्त्वाचं, मदत मागण्यासाठी कुणाचं नाव-फोटो आणि ‘याला एचआयव्ही आहे’ असा मजकूर व्हॉट्सअपवर फिरवू नये. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याचा आजार उघड करता येत नाही. नोकरी, शाळा किंवा दवाखान्यात भेदभाव करायलाही मनाई आहे. लहान लेकराच्या बाबतीत तर दुप्पट जपावं.

तोडीला निघणाऱ्यांनी एआरटी केंद्राच्या समुपदेशकाला आधीच सांगावं. प्रकृती स्थिर असेल तर एकदम काही महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, शिवाय कारखान्याजवळच्या केंद्राचा पत्ताही मिळतो. तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि ती गुप्त ठेवली जाते. राष्ट्रीय मदतवाहिनीचा टोल-फ्री क्रमांक 1097 आहे.