‘कॉन्ट्रा’चा इतिहास कोणाचा?

जुन्या व्हिडिओ गेमचा इतिहास आज आवडीने लिहिला जातो. निंतेंदोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला फॅमिकॉम विकायला काढला. कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७ मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर आणि १९८८ मध्ये घरच्या टीव्हीवर आला. हे सारे खरे आहे. पण हा कंपन्यांचा इतिहास झाला. खेळणाऱ्यांचा इतिहास कुठे आहे?

आमच्या पिढीतल्या असंख्य मुलांनी अस्सल फॅमिकॉम कधी पाहिलाच नाही. जपानी फॅमिकॉममध्ये नक्कल रोखणारी चिप नव्हती. त्यामुळे त्याच्या स्वस्त नकला निघाल्या आणि जगभर पोहोचल्या. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावाने विकले गेलेले यंत्र अशीच नक्कल होती. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात बाजारात असेच डबे आले. सोबतच्या कॅसेटवर लाखो गेम असल्याचा दावा असे. आत मोजकेच गेम पुन्हा पुन्हा असत.

अशा यंत्रांना ‘नकली’ म्हणून इतिहासाबाहेर ठेवले जाते. त्याला आमचा आक्षेप आहे. मूळ कलावंतांचा मोबदला बुडाला, हे आम्ही नाकारत नाही. पण यंत्र नकली होते म्हणून खेळणारी मुले नकली ठरत नाहीत.

आता खेळाकडे पाहू. एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि जीव तीनच. ही कठोरता आर्केडमधून आली. तिथे खेळाडू जितका लवकर मरेल तितकी नाणी जास्त. हा हिशेब मोडला तो तीस जीव देणाऱ्या कोडने: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो यांनी हा कोड आधी १९८६ च्या ‘ग्रॅडियस’साठी केला होता, कारण तपासणी करताना तो गेम त्यांनाच फार अवघड जात होता.

‘कॉन्ट्रा’त दोघे एकत्र खेळत. आपले जीव संपले की साथीदाराचा जीव घेता येई. धबधब्याच्या टप्प्यात एकजण घाईने वर गेला की मागे राहिलेला मरे. म्हणून आमच्या मते या गेममध्ये नेमबाजीपेक्षा मोठे कौशल्य साथीदारासाठी थांबण्याचे आहे.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. तरीही ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दूरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. म्हणजे मालक विकणार नाहीत आणि इतरांना जपूही देणार नाहीत!

गेमचीच ही गत, तर खेळणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार? ती आपणच ठेवली पाहिजे. डबा केवढ्याला आला, कॅसेट कोणाकडून आणली, टीव्ही कोणाच्या घरी होता, कोणाला खेळायला मिळाले आणि कोण दारातूनच पाहत राहिले, हे लिहून काढा. विशेषतः बहिणींना विचारा, त्यांच्या हातात रिमोट किती वेळा आला.