दिनविशेष : १३ जून
मूकपटांच्या जमान्यातील आघाडीच्या हॉलिवूड दिग्दर्शिका लोइस वेबर यांचा आज जन्मदिन. १८७९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी धर्मप्रचार आणि नंतर रंगभूमी असा प्रवास करत त्या पती फिलिप्स स्मॉली यांच्यासह चित्रपटात आल्या.

१९१३ चा ‘सस्पेन्स’ हा दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला, जेमतेम दहा मिनिटांचा थरारपट. घरात तान्ह्या बाळासह एकटी असलेली बायको (ही भूमिका स्वतः वेबर यांचीच), आत शिरू पाहणारा भामटा आणि कचेरीत फोन कानाला लावून बसलेला नवरा, हे तिघे पडद्याचे तीन त्रिकोण पाडून एकाच वेळी दाखवले आहेत. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मुळे (१९१४) पूर्ण लांबीचा कथापट दिग्दर्शित करणाऱ्या पहिल्या अमेरिकी स्त्रीचा मान त्यांना दिला जातो.

गर्भपात, संततिनियमन, दारिद्र्य असे विषय त्यांनी बेधडक हाताळले. ‘शूज’मधील (१९१६) दुकानात राबणारी तरुणी बुटांचे तळ झिजले म्हणून आत पुठ्ठा कापून घालते, पगार मात्र घरखर्चातच संपतो. त्या काळी युनिव्हर्सल कंपनीच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या दिग्दर्शकांत वेबर यांची गणना होई. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. ‘द ब्लॉट’मध्ये (१९२१) त्यांनी तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या प्राध्यापकाच्या कुटुंबाची ओढाताण मांडली. पुढे प्रेक्षकांची आवड बदलली, कामे आटली. ‘व्हाइट हीट’ (१९३४) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १३ नोव्हेंबर १९३९ रोजी हलाखीत त्यांचे निधन झाले.