संशोधन-विदा : नोंद आणि पुनर्वापर

संशोधनातून हाती येणारी मोजमापे, निरीक्षणे आणि नमुन्यांचे तपशील यांना एकत्रितपणे संशोधन-विदा, रूढ भाषेत डेटा, म्हणतात. ती नीट नोंदवण्याचे कौशल्य संगणकापेक्षा जुने आहे, हे शेजारच्या धारवाडातील कापसावरून दिसते. तेथे बी. एच. कतारकी यांनी १९७२ मध्ये ‘वरलक्ष्मी’ हा संकरित कापूस विकसित केला. संकराचे बियाणे दर हंगामात मूळ वाणांपासूनच नव्याने तयार करावे लागते. ‘लक्ष्मी’ हा मादी वाण आणि ‘एसबी २८९ ई’ हा नर वाण, एवढी नोंद हरवली असती तरी संकर हातचा गेला असता.

नोंदींची खरी कसोटी लागली ती ‘बिकानेरी नरमा बीटी’च्या वेळी. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांचा सहभाग असलेल्या या वाणाला २००८ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. त्यात मॉन्सॅन्टोचा ‘मॉन ५३१’ हा जनुकघटक असल्याचे निष्पन्न झाले आणि बियाण्याचे उत्पादन थांबले. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. परका जनुक कोणत्या टप्प्यावर शिरला, अशा प्रश्नाचे उत्तर प्रयोगवही, नमुन्यांचे क्रमांक आणि पिढीवार चाचण्यांतच शोधावे लागते; स्मरणशक्तीवर तेथे भागत नाही.

म्हणून मूळ मोजमापांच्या फाइलला हात लावू नये. दुरुस्ती प्रतीत करावी. ती कोणी, केव्हा व का केली, हे लिहावे. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक सांगणारा तक्ता सोबत जोडावा. शून्य आणि ‘मोजलेच नाही’ यांत भेद राखावा. रिकामा रकाना दोन्ही अर्थांनी वाचला जातो आणि बरेच घोटाळे तेथूनच सुरू होतात. विदा सापडावी, मिळावी, इतर विदेशी जुळावी व पुन्हा वापरता यावी, ही २०१६ मध्ये मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे याच सवयींवर उभी आहेत.

पुनर्वापर करणाऱ्याची जबाबदारी वेगळी. गोव्याच्या खाजनांतील कोरगुट भाताचे जुने आकडे हाती आले, तर क्षारता मातीची मोजली की पाण्याची, पावसाआधी की पावसानंतर, हे प्रथम तपासावे लागते. पावसाने क्षार धुऊन जात असल्याने एकाच शेताचे दोन आकडे जुळत नाहीत. हा तपशील नसेल, तर आकडे बाजूला ठेवणे हेही कौशल्यच. मूळ संशोधकाचा नामनिर्देश आणि परवान्याच्या अटी त्यानंतरच्या.