यंत्रभाषीय आज्ञावली
संगणकाला मध्यस्थाविना पार पाडता येईल अशा आदेशांच्या रूपात सिद्ध केलेली आज्ञावली. आरंभी ती हातानेच लिहावी लागे. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रान भाषेचा कंपायलर पूर्ण केला. यंत्राने केलेले भाषांतर हातच्या कामाची बरोबरी करणार नाही, ही जाणकारांची शंका त्याने बव्हंशी फोल ठरविली.

जावा भाषेने (१९९५) वेगळी वाट धरली. तिची आज्ञावली मध्यरूपात राहते व आभासी यंत्राच्या साहाय्याने कोणत्याही संगणकावर चालते. त्यापायी सुरू होण्यास विलंब लागतो व स्मृतीही जादा लागते. एकदा सुरू केलेली वेबसेवा महिनोन्‌महिने चाले, तोवर हे कोणाला फारसे डाचले नाही. मागणीनुसार सेवा सुरू-बंद होऊ लागल्यावर मात्र ते खर्चिक वाटू लागले. ऑरॅकल कंपनीच्या ग्रालव्हीएमने (२०१९) जावाची आज्ञावली आगाऊच यंत्रभाषेत उतरविण्याची सोय केली.

येथे चाचणीचा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. बांधणी करताना वापरात येणारे भाग तेवढे ठेवून बाकीचे गाळले जातात. ज्यांची नावे चालतेवेळीच ठरतात असे भाग आगाऊ नोंदविलेले नसल्यास तेही गळतात. म्हणजे चाचणी होते एका रूपाची आणि ग्राहकाच्या हाती पडते दुसरेच. आभासी यंत्रावर उत्तीर्ण झालेली सेवा प्रत्यक्षात कोलमडू शकते. म्हणून रेड हॅटच्या क्वार्कस या प्रणालीत (२०१९) सिद्ध आज्ञावली चालवून, तिला बाहेरून विनंत्या पाठवून त्याच चाचण्या पुन्हा घेता येतात. बांधणीस काही मिनिटे लागत असल्याने ही फेरी बहुधा शेवटी ठेवतात.