काळ्याला काळा

लॅमिंग्टन रोडवर मी जे पहिलं वाक्य शिकलो, ते दोनच शब्दांचं होतं. ‘काळ्याला काळा.’ शिकवणारे एक म्हातारे मेकॅनिक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आयुष्यभर त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले होते आणि उतारवयात ते कॉम्प्युटर जोडू लागले होते. साल १९९४. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि कविता लिहीत होतो. कवितेवर चूल पेटत नाही, हे घरच्यांनी सौम्य शब्दांत सांगून झालं होतं. म्हणून एका दुकानात कामाला लागलो.

हा रस्ता मुंबईकरांना ठाऊक आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव त्याला मिळालं. पुढे त्याचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला. पण जुनं नाव लोकांच्या तोंडून काही गेलं नाही. एका अंगाला गिरगाव, दुसऱ्या अंगाला मुंबई सेंट्रल. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. रेडिओचे सुटे भाग मिळण्याचं ठिकाण म्हणून तर रस्ता आधीपासूनच प्रसिद्ध होता. रेडिओमागून टीव्ही आला, टेपरेकॉर्डर आला, आणि १९८४च्या नव्या संगणक धोरणानंतर, विशेषतः १९९१नंतर, कॉम्प्युटर आला. तयार, नावाजलेल्या कंपनीचा कॉम्प्युटर परवडत नसे. मग एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून डिस्क, तिसऱ्यातून पत्र्याचं कॅबिनेट, असं गोळा करून इथली मुलं तो जोडून देत. त्याला म्हणायचं ‘असेंबल्ड’. मराठी घरांतला पहिला कॉम्प्युटर बहुधा असाच आला.

आता ‘काळ्याला काळा’ म्हणजे काय ते सांगतो. आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्टची, आणि दिशा बदलत राहणारी. कॉम्प्युटरच्या आतल्या चिपा नाजूक. त्यांना पाच किंवा बारा व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हा बदल करणारी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. आम्ही तिला एसएमपीएस म्हणत असू. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला आणि १९८४ साली त्याची एटी ही पुढची आवृत्ती. या यंत्रांत पेटीतून मदरबोर्डाकडे जाणाऱ्या तारांचे दोन चपटे जोड होते, पी-८ आणि पी-९. तांबडी तार पाच व्होल्टची, पिवळी बाराची, पांढरी उणे पाचची, निळी उणे बाराची आणि काळी परतीच्या वाटेची. एक नारिंगी तार मात्र वेगळी. सगळे व्होल्ट स्थिर झाले की तीवरून बोर्डाला निरोप जाई, ‘सगळं ठीक आहे, सुरू कर.’ तो येईपर्यंत प्रोसेसर थांबून राही.

हे दोन्ही जोड मदरबोर्डावर शेजारी शेजारी बसत. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, दोन्ही दिसायला जुळे भाऊ. पी-८च्या जागी पी-९ बसे आणि पी-९च्या जागी पी-८. अडवणारं कुणी नाही. म्हणून मास्तरांचा मंत्र. दोन्ही जोडांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना खेटून आल्या पाहिजेत. काळ्याला काळा.

मी हा मंत्र पाठ केला आणि दोन महिन्यांत विसरलो.

गिरगावातल्या एका छापखान्याचं काम होतं. मालक खिळे जुळवण्याचं काम बंद करून डीटीपीकडे वळत होते. दिवाळी अंक तोंडावर आलेला. माझ्या कविता त्यांनी वाचल्या होत्या. ‘मशीन नीट चालू ठेव, तुझा संग्रह फुकट जुळवून देतो,’ असं ते म्हणाले होते. कवीला एवढं आमिष पुरे. रात्री नऊ वाजता, दिवसभराच्या थकव्यात, पिवळ्या दिव्याखाली मी मदरबोर्ड बसवला, दोन्ही जोड दाबले आणि बटण दाबलं. एक बारीक ‘टक्’ ऐकू आलं आणि जळक्या बेकलाइटसारखा वास सुटला. टॉर्च लावून पाहिलं तर काळ्या तारा दोन टोकांना होत्या. जिथे पाच व्होल्ट जायचे, तिथे उणे बारा गेले होते.

बोर्डाचे पैसे माझ्या पगारातून कापले. ते फिटायला वर्ष लागलं. छापखान्याने दुसरीकडून मशीन घेतलं आणि माझा संग्रह चार वर्षं लांबला. चूक माझीच होती, यात शंका नाही. निदान तेव्हा मला शंका नव्हती.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अब्बांना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही. पण यंत्राची गोष्ट निघाली की ते साच्यावर उभे असल्यासारखे बोलत. त्यांनी मला रागावलं नाही. एवढंच विचारलं, ‘दोन्ही जोड उलटे बसतात, तर बनवणाऱ्याने ते तसे का बनवले?’

मग त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून येऊन गिरणीत लागले. त्या काळी प्रत्येक साच्याला स्वतंत्र मोटर नसे. छताखाली एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन साचे फिरवत. म्हणजे त्यांच्या वेळी शक्ती तारेतून नव्हे, पट्ट्यातून यंत्रापर्यंत पोचायची. त्या पट्ट्यात आजोबांची दोन बोटं गेली. जॉबर म्हणाला, ‘बघून काम करायचं नाही का?’

मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढे मी या विषयावर जमेल तसं वाचत गेलो. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला उभी करायला घेतली. लॅमिंग्टन रोडपासून ती जागा हाकेच्या अंतरावर. फिरत्या यंत्रांभोवती कुंपण घालावं, असं कायद्यात यायला १८८१ साल उजाडलं. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. आपण म्हणू, काय छान झालं! पण दिवा आल्यामुळे सूर्य मावळल्यावरही काम घेता येऊ लागलं. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९०५ साली त्याविरुद्ध कामगारांचा उद्रेक झाला. गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११च्या कायद्याने आली. १९१५पासून तर लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर साठवलेलं पावसाचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी केलेली वीज गिरण्यांना मिळू लागली. शक्तीचा उगम बदलला. चुकीची किंमत मात्र बराच काळ यंत्रापाशी उभा असलेला माणूसच देत राहिला.

कॉम्प्युटरच्या जोडणीत हे बदललं १९९५ साली. इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची नवी रचना आणली. पी-८, पी-९ गेले आणि त्यांच्या जागी वीस तारांचा एकच जोड आला. त्याच्या छिद्रांचे आकार वेगवेगळे, काही चौकोनी, काही कोपरे कापलेले. बाजूला एक आकडा. उलटा बसवायला गेलात तर तो बसतच नाही. आणखी एक मोठा फरक पडला. जुन्या कॅबिनेटात पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची तार यायची. ती चुकीची जोडली तर माणसालाच झटका. नव्या रचनेत ते बटण बोर्डाला फक्त इशारा देतं.

नवा जोड पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो मुद्दाम उलटा बसवून पाहिला. दोनदा, तीनदा. बसेना. मला एकदम अब्बांचा प्रश्न आठवला. तारांच्या त्या तुकड्यात १८८१च्या कायद्यातलं कुंपण येऊन बसलं होतं. माणूस चुकणार, हे कुणीतरी आधीच मान्य केलं होतं.

पुढची गोष्ट थोडक्यात. २०००च्या सुमाराला पेन्टियम-४ला जास्त वीज लागू लागली, म्हणून प्रोसेसरजवळ चार तारांचा वेगळा चौकोनी जोड आला. २००३च्या नव्या नियमांत मुख्य जोड वीसचा चोवीस झाला. चौकोनी जोड लावायला विसरलं तर पंखे फिरतात, पण पडद्यावर काही दिसत नाही. नवशिक्यांना आजही हा घोटाळा रडवतो.

आणि कुंपण घातलं म्हणून गोष्ट संपत नाही. आजच्या चांगल्या पेट्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. मास्तरांचा मंत्र तिथे निरुपयोगी. काही पेट्यांच्या तारा दोन्ही टोकांनी सुटतात. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं, पेटीकडचं मात्र प्रत्येक कंपनीचं आपापलं. एका पेटीची तार दुसरीला लावली की डिस्क जळू शकते. २०२२ साली महागड्या ग्राफिक्स कार्डांचे नवे सोळा पिनांचे जोड वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. तेव्हाही उत्तर मिळालं की, ग्राहकाने जोड पूर्ण आत दाबला नव्हता. मला जॉबरचा आवाज ऐकू आला.

मास्तर गेले, अब्बाही गेले. परळ-लालबागच्या बऱ्याचशा गिरण्यांच्या जागी आता टॉवर आणि मॉल उभे आहेत. परवा लालबागच्या चाळीतला शेजारचा मुलगा सुटे भाग घेऊन आला. जमिनीवर चादर अंथरून आम्ही बसलो. मी त्याला आधी भिंतीतला प्लग काढायला लावला, मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला सांगितलं, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जावी. चोवीसचा जोड त्याने दाबला. आकडा अडकल्याचा आवाज आला नाही. तो कावराबावरा होऊन म्हणाला, ‘काका, माझं काही चुकलं का?’

मी म्हटलं, ‘आधी जोड बघू या. तुझी चूक नंतर.’