प्रतिज्ञा आहे, पण दवाखाना कुठे आहे?



वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. रात्री दहा वाजता एखादी माय दारात येते आणि म्हणते, "दादा, पोराला कुठं न्यायचं?" पोरगा दारू पितो किंवा गोळ्या, गांजा, गर्दच्या नादी लागलेला असतो. जयंतीच्या व्यासपीठावरून व्यसनमुक्तीवर तासभर बोलणारे आम्ही या एका वाक्याच्या प्रश्नापुढे गप्प होतो.

आमचीच एक चूक आधी कबूल करतो. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या तोंडावर आम्ही एका बांधकाम मजुराला विहारात आणलं. पंधरा वर्षं रोज पिणारा माणूस. बुद्धमूर्तीसमोर त्याने दारू सोडली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, तो बरळू लागला आणि मग झटका आला. "नाटक करतोय, त्याला प्यायला पाहिजे" असं म्हणणारेही आमच्यातलेच होते. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून जिल्ह्याला पाठवलं. तो वाचला. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू औषधाशिवाय एकदम बंद केली तर जीवही जाऊ शकतो. माणसाने प्रतिज्ञा पाळली होती. तिच्या पुढची तयारी आम्ही केली नव्हती.

ही तयारी आपल्याकडे का नाही, याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं.

इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला आणि दारू हे सरकारी तिजोरीचं हक्काचं साधन बनलं. दोनच वर्षांनी, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. पिणाऱ्याला शिव्या देणारे तेव्हाही पुष्कळ होते. जोतीरावांनी बोट दाखवलं ते दुकानांना मुभा देणाऱ्या व्यवस्थेकडे.

हाच धागा बाबासाहेबांनी पुढे नेला. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, ते मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी हिशेब मांडला, सरकार शिक्षणावर माणशी फक्त १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. लोकांकडून दारूच्या रूपाने जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. आज हाच हिशेब आपण उपचाराबाबत मागायला हवा. दारूवरच्या कराचा किती हिस्सा दारूने मोडलेल्या माणसावर खर्च होतो?

स्वातंत्र्यानंतर तिजोरीची जागा काही काळ बंदीने घेतली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीचं तत्त्व आलं. पण त्याच कायद्यात 'प्रकृतीच्या कारणासाठी' पिण्याचा परवाना मिळण्याची सोय राहिली, आणि ती महाराष्ट्रात आजही आहे. ज्याच्याकडे ओळख आणि पैसा, त्याची प्रकृती परवान्यात बसली. हातभट्टी पिणाऱ्याच्या वाट्याला पोलिसाची काठी आली आणि विषारी दारूही आली. २०१५ साली मुंबईत मालवणीत शंभराहून जास्त माणसं अशा दारूने गेली.

बंदीची मागणी आपल्या मायबहिणींनी केली, हे आम्ही विसरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं लढल्या. २०१५ साली तिथे दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. त्या लढ्याचा आम्हाला आदर आहे. पण बंदी असो वा नसो, ज्याला आधीच व्यसन जडलंय त्याला उपचार लागतोच, आणि त्यासाठी मोर्चे फारसे निघाले नाहीत.

आता १९५६ कडे या. १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचं व्यसन हा आजार मानून अशा रुग्णांना दवाखान्यात दाखल करून घ्यावं, असा ठराव केला. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. पहिली आपण डोक्यावर घेतली, ते योग्यच केलं. दुसरी आपल्या वस्तीपर्यंत पोहोचलीच नाही.

या दोन गोष्टींत विरोध आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे एक 'सिक्खापद', शिकण्याचा नियम. म्हणून तर आपण ते प्रत्येक वंदनेला नव्याने ग्रहण करतो. त्यात भर आहे 'पमादा'वर, भान सुटण्यावर. पिणाऱ्याला पापी ठरवून बाहेर काढा, असं धम्म कुठेच सांगत नाही. तरी आपल्या विहारांत पुन्हा घसरलेल्या माणसाला कार्यक्रमाच्या पंगतीतून उठवलेलं आम्ही पाहिलंय. जन्मावरून माणूस बाजूला काढणाऱ्या व्यवस्थेशी लढणाऱ्यांनी आजारावरून माणूस बाजूला काढायचा? गटारात उतरणारे अनेक सफाई कामगार सांगतात की प्यायल्याशिवाय ती घाण सहन होत नाही. अशा माणसाला नुसतं शील ऐकवणं पुरेसं नाही. त्याला त्या गटारातून बाहेर काढण्याची लढाईही उपचाराचाच भाग आहे.

महाराष्ट्रात उपचाराची परंपराच नाही, असंही नाही. पुण्यात गर्दने तरुण पोरं मरायला लागली, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला हात देतो, हे तिथे हजारोंनी अनुभवलं. पण एका पुण्याने महाराष्ट्र भागत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेले ३७ कोणत्या वस्त्यांत राहतात, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मानसिक त्रास आजारात धरले आहेत. त्यामुळे सरकारी उपचार हा हक्क आहे. पहिली पायरी म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा किंवा सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी फोन मोफत आहेत. पोरगा स्वतःच्या सेवनाच्या केसमध्ये अडकला असेल, तर स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ चं संरक्षण मिळू शकतं. वकिलाला हे जरूर विचारा.

भिंतीवरची जाहिरात बघून कुणालाही कुठे टाकू नका. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी पाहा. मारहाण आणि साखळदंड म्हणजे उपचार नव्हे, तो गुन्हा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मोफत असतात. तिथे 'ईश्वर' हा शब्द येतो म्हणून आपले काही तरुण बिचकतात. जा, बसा. तुमच्यासाठी ती शक्ती म्हणजे समोर बसलेली माणसं, म्हणजेच संघ, असं समजायला कुणाची हरकत नाही.

आणि चळवळीने एक काम हाती घ्यावं. प्रत्येक जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. व्यसनमुक्तीसाठी सरकारी खाटा किती, मानसोपचारतज्ज्ञ किती, तालुक्याला औषध मिळतं का, गेल्या वर्षी किती रुग्ण बरे होऊन गेले? उत्तर आलं की ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि त्या पैशात एखाद्या रुग्णाचं जिल्ह्यापर्यंतचं गाडीभाडं भरा. विहाराच्या फलकावर दवाखान्याचा पत्ता आणि ओपीडीचे वार लिहा.

तो बांधकाम मजूर मधे दोनदा घसरला. तिसऱ्यांदा आम्ही त्याला आधी दवाखान्यात नेलं आणि नंतर विहारात. आता दर रविवारी वंदनेला तो आमच्याआधी येऊन सतरंजी अंथरतो.

जयभीम! नमो बुद्धाय!